हिरवा डाग

जगाच्या दक्षिण टोकाला, आमच्या कोन्सेप्सियोन शहराला जूनच्या हिवाळ्यात पाऊस लागला की तो थांबायचं नाव घेत नाही. अशाच एका दुपारी मी पाव घेऊन परत येत होते, तर आमच्या बंद दुकानाच्या दारात, पत्र्याच्या छपराखाली एक तरुण उभा. कोट निथळतोय, केस कपाळाला चिकटलेले, आणि छातीशी लहान मुलाचं लोकरी दुपटं घट्ट कवटाळलेलं.

मला रागच आला. एवढ्या पावसात तान्ह्या मुलाला घेऊन कुणी बाहेर पडतं?

"अहो, बाळ गारठेल," मी म्हटलं.

"बाळ कोरडं आहे," तो म्हणाला. "माझं काय ते बघा."

"किती महिन्यांचं?"

त्याने दुपट्याचं टोक हळूच उचललं. आतून एका व्हीसीआरचं काळं तोंड डोकावलं.

"सहा वर्षांचं," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "बोलतं, पण घोगरं. आणि खाल्लेलं लवकर सोडत नाही."

हसू दाबत मी कुलूप उघडलं. बाबा जेवणानंतर मागच्या खोलीत तासभर पडायचे, तेवढा वेळ दुकान बंद असायचं. रेडिओ, टीव्ही आणि अलीकडे व्हीसीआर, अशी आमची दुरुस्ती. दुकान बाबांचं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून बारीक काम माझ्याकडे आलं होतं. रेडिओ ते अजूनही नुसते ऐकून दुरुस्त करायचे. व्हीसीआर मात्र ऐकून दुरुस्त होत नाही.

मी स्क्रू काढून झाकण उचललं, आणि चक्रावलेच. धूळ तर असतेच. घासलेल्या फितीची तपकिरी भुकटीही असते. पण इथे पांढरं काहीतरी होतं — पट्ट्याखाली, रोलरवर, फिरत्या ड्रमच्या कडेला. बोटावर घेऊन पाहिलं.

"हे पीठ आहे."

"मी बेकरीत काम करतो," तो म्हणाला. "नदीपलीकडे."

"तुम्ही बेकरीत काम करता, कळलं. हासुद्धा तिथेच कामाला आहे का?"

तो नुसता हसला. नाव सांगितलं — निबाल्दो. घरी भाची आहे, ती कार्टून फार पाहते, म्हणाला. मी ड्रमवरच्या, फीत वाचणाऱ्या हेडकडे पाहिलं. दिवसरात्र फिती चालवल्याशिवाय कुठलंही हेड इतकं झिजत नाही.

"भाचीला थोडं झोपू द्या," मी म्हटलं.

त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. भीती होती ती. मी पुढे विचारलं नाही. आमच्या दुकानाचा नियमच तो होता. त्र्याहत्तर साली जनरलने सत्ता घेतली, त्याच आठवड्यात बाबांना घरातून नेलं होतं. परत आले ते गप्प होऊनच. तेव्हापासून त्यांचं एकच सांगणं — यंत्राला काय झालंय ते विचारायचं. ते यंत्र काय करतं, ते विचारायचं नाही.

निबाल्दो पंधरवड्याने पुन्हा आला. मग आठवड्याने. प्रत्येक वेळी तेच दुपटं, तेच पीठ. येताना कागदात गुंडाळलेले गरम पाव आणायचा, ते शेगडीवर ठेवून आम्ही तिघं चहाबरोबर खायचो. पावसाचं पाणी छपरावर ताशा वाजवत असायचं. एकदा मी त्याला म्हटलं, दर वेळी नदी ओलांडून येण्यापेक्षा साफ करायला शिका.

"शिकलो तर यायला निमित्त राहणार नाही," तो म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे.

मी त्याच्या बोटाला मऊ कातड्याचा तुकडा गुंडाळला, स्पिरिटने ओला केला. "हे ड्रमला नुसतं टेकवून धरा. हात हलवायचा नाही. ड्रम मी वरून फिरवते. बोट वर-खाली गेलं तर हेड तुटलंच समजा, केसाहून नाजूक असतं. आणि कापूस कधी लावायचा नाही, त्याचा धागा अडकतो."

मी ड्रम फिरवू लागले. माझी बोटं त्याच्या बोटांना घासून जात होती... कातड्यावर तपकिरी रेघ उमटत होती.

"हात थरथरतोय तुमचा."

"थंडी आहे."

"शेगडी पायाशी आहे तुमच्या."

मागच्या खोलीत बाबा खाकरले. आम्ही दोघंही एकदम यंत्राकडे पाहू लागलो.

त्याच दिवशी तो कोपऱ्यात टांगलेल्या रिंगेला हात लावायला गेला, तेव्हा मी त्याला अडवलं. रंगीत टीव्हीच्या काचेवर कधी कधी चुंबकामुळे रंगाचे डाग पडतात. ही तारेची जाड रिंग वीज लावून पडद्यासमोर फिरवली की डाग जातो. "पण हिच्याजवळ कॅसेट न्यायची नाही," मी त्याला बजावलं. "फितीवरचं सगळं पुसलं जातं."

त्याने कोटाच्या खिशावर हात दाबला आणि दोन पावलं मागे सरकला. खिशात काय आहे ते मी विचारलं नाही. पण एव्हाना मला कळलं होतं. टीव्हीवर जे कधीच दाखवत नाहीत ते — मोर्चे, लाठ्या, हरवलेल्या माणसांच्या बायका — अशा कॅसेटी गावोगाव फिरतात, चर्चच्या सभागृहात खिडक्या लावून पाहिल्या जातात, असं बाजारात दबक्या आवाजात बोललं जायचं. त्या कुणीतरी एकीवरून दुसरी उतरवत असणार. आणि पावाच्या टोपलीत तळाशी काय आहे, हे कोण बघतं?

मागच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकाला त्याच महिन्यात नेलं. कुठे, ते त्याच्या बायकोलाही सांगितलं नाही. मी कामं करत राहिले. पण दाराची घंटा वाजली की हात थांबायचा. निबाल्दो आला तर एका कारणाने, दुसरं कुणी आलं तर दुसऱ्या.

जुलै संपत आला होता. निबाल्दो सकाळीच आला. चेहरा पांढराफटक. व्हीसीआर टेबलावर ठेवला आणि दुपटं काढायचंही सुचलं नाही त्याला.

"कॅसेट अडकलीय आत. मशीन मोडलं तरी चालेल. कॅसेट वाचली पाहिजे."

"काय आहे तिच्यात?" पहिल्यांदाच मी नियम मोडला.

त्याने दुपट्याचं टोक मुठीत धरलं. "माझी आई," म्हणाला. "दुसरी प्रत नाही. काल उतरवायला घेतली आणि ह्याने गिळली." पावाची फेरी करून दुपारी येतो, म्हणाला आणि गेला.

मी खालचं झाकण काढून चाक हातानेच फिरवलं, सैल झालेली फीत रोलरवरून सोडवली. थोडी चुरगळली होती, तुटली नव्हती. व्यवस्थित गुंडाळली गेली का ते पाहायला दुकानातल्या चांगल्या मशीनमध्ये घातली. पडद्यावर एक बाई आली. अंगात एप्रन, मागे खाणकामगारांच्या चाळीची लाकडी भिंत. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. एलिसेओला नेलं त्या दिवशी काय घडलं, ते सांगत होती. एलिसेओ म्हणजे तिचा नवरा, निबाल्दोचे वडील. तो परत आला नाही. "मी ट्रकमागे धावले," ती म्हणाली, आणि तिने एप्रनचा काठ तोंडाला लावला.

मी मशीन बंद केलं, कॅसेट काढून टेबलावर ठेवली. मागे वळले, तर बाबा दारात उभे होते. त्यांना पडदा दिसत नव्हता. पण ऐकू सगळं येत होतं. ते शेगडीपाशी जाऊन बसले.

तेवढ्यात घंटा वाजली.

निबाल्दो नव्हता तो. तपकिरी कोट घातलेला, नीट भांग पाडलेला माणूस होता. बाहेर नंबरपाटी नसलेली मोटार उभी होती. गुप्त पोलिसांच्या अशा मोटारी आमच्या गावात सगळे ओळखतात. त्याच्या हातात व्हीसीआर होता. मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याची कॅसेट मशीनने चावली, म्हणाला. आत्ताच करून हवं, तो बसतो.

तो खरंच त्यासाठी आला होता की दुसऱ्या कशासाठी, हे मला आजही माहीत नाही.

तो बसला आणि मी काम करू लागले. दाबाचा रोलर आरशासारखा गुळगुळीत झाला होता, फितीला पकडच नव्हती. मी तो स्पिरिटने पुसला, बारीक काचकागदाने जरा खरबरीत केला, फितीच्या वाटेतले धातूचे खांब साफ केले. हात सवयीने चालत होते, आणि माझं सगळं लक्ष टेबलावरच्या त्या कॅसेटकडे. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, नाव नव्हतं. हात लांब केला तर त्याच्या नजरेत भरेल. नाही केला तरी ती तिथेच.

त्याने आजूबाजूला पाहायला सुरुवात केली. दुपट्यात पुन्हा गुंडाळून ठेवलेला व्हीसीआर पाहिला. "हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"दुपट्यात?"

"पाऊस आहे ना," मी म्हटलं.

मशीन जोडून झालं. मी आमच्या तपासणीच्या कॅसेटसाठी खणाकडे हात नेला.

"ती कशाला?" तो म्हणाला. टेबलाकडे बोट केलं. "ही समोरच आहे की. ही घाल."

"आपल्या मुलीची घालून बघू या का? म्हणजे आपली खात्री —"

"आणि पुन्हा चावली तर? नाही, पोरी. आधी ही."

स्वर साधा होता. डोळे साधे नव्हते. मी कॅसेट उचलली. मला आठवतं, त्या क्षणी मला दुकानातलं सगळं ऐकू येत होतं — शेगडीची फुरफुर, छपरावरचा पाऊस, माझाच श्वास. कॅसेट पाडली तर? तो उचलेल. चुरगळली आहे म्हटलं तर? तो घेऊन जाईल.

"मिरेया," बाबा शेगडीपाशी बसूनच म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "त्या पडद्यावर हिरवा डाग पडलाय. साहेबांना चित्र कसं दाखवणार? आधी रिंग फिरव."

मी पडद्याकडे पाहिलं. पडदा स्वच्छ होता. बाबांना समोरच्या माणसाचं नाक दिसत नव्हतं, हिरवा डाग कुठून दिसणार?

मग मला कळलं.

मी कॅसेट टीव्हीच्या डोक्यावर ठेवली, हात मोकळे करायला ठेवावी तशी. रिंग खाली घेतली, वीज लावली. ती गुणगुणू लागली. पडद्यावर रंगांची वर्तुळं नाचली, तसा तो माणूस कौतुकाने पुढे झुकला. मी रिंग खाली-वर, खाली-वर फिरवत राहिले... प्रत्येक वेळी वर नेताना ती कॅसेटला घासून जाईल अशी. एप्रनचा तो काठ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

घंटा वाजली आणि निबाल्दो आत आला.

हातात पावाची टोपली. ओठांवर काहीतरी बोलायला आलेलं. त्याने तपकिरी कोट पाहिला. मग टीव्हीवरची कॅसेट पाहिली. मग माझ्या हातातली रिंग. त्याला मीच शिकवलं होतं ती काय करते ते. तो दारातच उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे बघत त्याच्या आईला पुसत राहिले. थांबता येत नव्हतं.

"झालं का?" त्या माणसाने विचारलं.

मी वीज काढली. कॅसेट मशीनमध्ये घातली. बटण दाबलं.

पडद्यावर मुंग्या. नुसत्या पांढऱ्या-काळ्या मुंग्या आणि फसफस. माझा श्वास सुटतो न सुटतो तोच त्या फसफशीतून एका बाईचा आवाज आला. दोन-तीनच शब्द, दुरून, विहिरीतून यावे तसे — "...त्या दिवशी सकाळी..." — आणि पुन्हा फसफस.

तो माणूस ताठ झाला. "कोण ती?"

मी थांबवायचं बटण दाबलं.

"माझी आई," निबाल्दो म्हणाला.

त्याने टोपली खाली ठेवली. पुढे आला, आणि सरळ माझ्याकडे वळला. "पुसलीस ना? सांगितलं होतं तुला, हिच्यावर आईचा वाढदिवस आहे, हात लावू नकोस. मालिका भरायला कोरी करून ठेवायला तुला हीच कॅसेट सापडली?"

तो मला तू म्हणत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"मग नाव का नाही लिहिलंस वर?" मी म्हटलं. माझाही आवाज फाटला. "दोन रविवार तोंड दाखवलं नाहीस, आणि आता आल्या आल्या भांडतोस? मी काय मुद्दाम पुसली?"

"मी आईला काय सांगू?"

"मी सांगेन. मी स्वतः येऊन सांगेन."

तो माणूस आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याच्या खांद्यांतला ताठरपणा गेला, आणि तो हसायला लागला. "सासूला पुसून टाकलं? तेही लग्नाआधी?" तो बाबांना म्हणाला, "पोरगी पुढे जाईल तुमची." बाबांनीही हसल्यासारखं केलं. आणि निबाल्दो — त्याला हसावं लागलं. त्याचा तो हसरा चेहरा मी विसरू शकत नाही.

मग त्या माणसाने मुलीची कॅसेट लावून पाहिली. पांढऱ्या फ्रॉकमधली एक छोटी मुलगी पडद्यावर मेणबत्ती धरून चालत होती. तो प्रेमाने बघत राहिला. मशीन काखेत घेऊन निघाला, जाताना निबाल्दोच्या खांद्यावर थाप मारून गेला.

मोटार वळेपर्यंत कुणी हललं नाही.

"सगळी?" निबाल्दोने विचारलं.

"जवळजवळ."

त्याने मान हलवली. "आई पुन्हा बोलायची नाही," तो म्हणाला. "ते एकदा बोलायला तिला चौदा वर्षं लागली." मग टोपीला हात लावला, परक्यासारखा. "येतो. तुम्ही दार लावून घ्या."

तुम्ही. मघाचा तू त्या माणसासाठी होता तर...

तो आला नाही. पाऊस येत राहिला. मी त्याच्या व्हीसीआरचं सगळं काम काढलं. पीठ ब्रशने झाडलं, ड्रम, खांब, रोलर, सगळं उजळवलं. सैल पडलेला पट्टा चहाच्या भांड्यात उकळून आवळून घेतला. काम संपलं, तेव्हा पुन्हा झाकण काढून सुरुवात केली.

"मला दिसत नाही, पण ऐकू येतं," बाबा एके सकाळी म्हणाले. "तोच स्क्रू काढतेस आणि तोच लावतेस."

मी हातातला स्क्रू खाली ठेवला.

"जा त्याच्याकडे. आणि त्या बाईला भेट. तिला सांग, पुसायला सांगणारा मी होतो." थोडं थांबून ते म्हणाले, "ती बोलली तेवढं मला कधी बोलता आलं नाही, मिरेया. आणि मीच तिला पुसलं."

बाबा इतकं एकदम कधी बोलले नव्हते. मी त्यांच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि व्हीसीआर दुपट्यात गुंडाळला.

बेकरीत कळलं की मालकाने निबाल्दोला काही दिवस गावी पाठवलंय. गाव म्हणजे लोता, समुद्राखालच्या कोळशाच्या खाणींचं. मी बस पकडली. वाटेत शिपायांनी बस थांबवली. एकाने दुपट्याला बंदुकीच्या टोकाने डिवचलं, उघडायला लावलं, मशीनची झडप वर करून आत डोकावला. आत काही नव्हतं. तरी तो पुढच्या बाकाकडे जाईपर्यंत मी दुपट्याला हात लावला नाही.

लोताच्या चाळींमध्ये विटांच्या सामायिक भट्ट्या आहेत, तिथे बायका पाव भाजतात. एका भट्टीपाशी मला ती दिसली. पडद्यावर होती तीच, पण उंचीने कमी, आणि डोळे मात्र सरळ माझ्यावर रोखलेले.

"कोण गं तू?"

किती काय काय ठरवून आले होते. तोंडातून एवढंच निघालं — "तुमची कॅसेट पुसली, ती मी."

"ऐकलंस का, ओतिलिया?" शेजारची एक बाई तिला म्हणाली. ओतिलियामावशींनी लांब दांड्याच्या फावड्याने एक पाव बाहेर काढला, उलटा करून टकटक वाजवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तो माणूस समोर बसला होता म्हणे."

"हो."

"आणि माझ्या पोराने हसून दाखवलं."

"हो, मावशी."

"तो घरात आहे. तीन दिवस तोंड पाडून बसलाय, मी मेल्यासारखा." त्यांनी पाव एप्रनमध्ये घेतले. "अगं, पुसलं ते प्लास्टिकवरचं. मी तर इथेच आहे की. चल."

निबाल्दो दारात आला आणि त्याने माझ्या हातातलं दुपटं घेतलं. मी बाबांचा निरोप सांगितला. मावशींनी तो नीट ऐकून घेतला, आणि मुलाला म्हणाल्या, पाद्रीबाबांकडून कॅमेरा घेऊन ये.

"आई, नको. पुन्हा नको."

"जा म्हटलं ना."

तो कॅमेरा घेऊन आला. मी व्हीसीआर कॅमेऱ्याला जोडला, कोरी कॅसेट घातली, दिवा उंच धरला. मावशी स्टुलावर बसल्या. या वेळी कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"गेल्या खेपेला मी सांगितलं, ट्रकमागे धावले," त्या म्हणाल्या. "धावले नाही मी. दाराबाहेरसुद्धा पडले नाही." निबाल्दोने कॅमेऱ्यामागून मान वर केली. "हा नऊ वर्षांचा होता. बाबा, बाबा करत दाराकडे निघाला होता. मी ह्याला पलंगाखाली ओढलं आणि ह्याचं तोंड दाबून धरलं. एलिसेओने वळून पाहिलं असेल. आम्ही दिसलो नसू त्याला. ट्रक जाईपर्यंत मी हात काढला नाही. म्हणून हा आहे."

दिवा मी खाली घेतला नाही. त्या पुढे खूप बोलल्या. कोणती माणसं आली होती, शेजारपाजारच्या कोणाकोणाला नेलं, सगळी नावं. शेवटी म्हणाल्या, "झालं. आता मागे घेऊन बघा आलंय का." आम्ही पाहिलं. चित्र काचेसारखं स्वच्छ होतं, आवाज खणखणीत. त्या कॅसेटच्या पुढे कितीतरी प्रती निघाल्या आणि कुठे कुठे गेल्या. त्यातल्या बऱ्याच मी स्वतः उतरवल्या.

निबाल्दो आईच्या पायाशी बसला होता. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि मग रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हिला बसपर्यंत सोडून ये. आणि वाटेत तोंड उघड जरा. आता दाबून धरायला मी नाहीये तिथे."

बसचा थांबा समुद्रावरच्या चढावर होता. पावसाचा जोर ओसरून नुसती भुरभुर उरली होती. खाली किनाऱ्यावर माणसं लाटांनी आणलेला कोळसा जाळ्यांनी गोळा करत होती. आम्ही दोघं भिंतीच्या आडोशाला उभे राहिलो. त्यांच्याकडे बघतच तो बोलू लागला.

"त्या दिवशी असा का निघून आलो, सांगू?"

"आईची कॅसेट गेली म्हणून."

"हो... म्हणजे नाही. ते नाही." त्याने कोटाची कॉलर वर केली, पुन्हा खाली केली. "दार उघडलं आणि तुझ्या हातात रिंग दिसली. तर आधी मनात काय आलं, माहितेय? सुटली. ही सुटली आता. समोर आईचं बोलणं पुसलं जात होतं, आणि मला बरं वाटत होतं, मिरेया. तुला कुणी नेणार नाही, म्हणून बरं वाटत होतं. त्याचीच लाज वाटली मला. म्हणून तुझ्याकडे बघवेना."

तो मला तू म्हणत होता. आणि इथे कुणी ऐकणारं नव्हतं.

"मग आता बघ," मी म्हटलं.

त्याने बघितलं.

बस चढ चढून आली, आमच्यासमोर दार उघडून थांबली. ड्रायव्हरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता दार लावून बस पुढे नेली.